अंगणाचे दार उघडणारा धर्मगुरू : फादर लोरेन्सो मास्सा

२० ऑगस्ट २०१४ रोजी, बुधवारच्या सार्वजनिक भेटीच्या वेळी, पोप फ्रान्सिस यांच्यासमोर एक भला मोठा रुपेरी चषक ठेवण्यात आला. अर्जेंटिनातील सान लोरेन्सो दे अल्माग्रो या फुटबॉल क्लबने आठवडाभरापूर्वीच, १३ ऑगस्टला, दक्षिण अमेरिकेतील क्लबांसाठी सर्वोच्च मानला जाणारा ‘कोपा लिबर्तादोरेस’ हा करंडक आपल्या इतिहासात प्रथमच जिंकला होता. तो घेऊन खेळाडू आणि पदाधिकारी थेट रोमला आले होते. पोप महोदय या क्लबचे चाहते होते, एवढेच नव्हे तर रीतसर सभासद होते, ही गोष्ट एव्हाना जगजाहीर झाली होती. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी कौतुकाने पाहिली आणि विषय तेथेच संपला.

मात्र या क्लबच्या मुळाशी एक धर्मगुरू आहे, हे आपल्याकडील फारच थोड्या श्रद्धावंतांना ठाऊक असेल. अर्जेंटिनात त्याचे नाव घराघरांत पोहोचले. त्याच्यावर चित्रपट निघाला. त्याच्या काळ्या झग्यावरून लाखो माणसांना टोपणनाव मिळाले. फादर लोरेन्सो मास्सा हे त्याचे नाव. धर्मग्रामातील युवकांचे काय करावे, हा प्रश्न ज्यांना ज्यांना भेडसावतो त्यांनी या माणसाची ओळख करून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोरेन्सो मास्सा यांचा जन्म १८८२ साली ब्युनॉस आयर्सजवळच्या मोरोन येथे झाला. तो काळ अर्जेंटिनात स्थलांतरितांचा होता. इटलीतून, स्पेनमधून जहाजे भरभरून माणसे येत होती. १९१४ सालच्या जनगणनेत त्या देशातील सुमारे तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले होते, यावरून त्या लोंढ्याची कल्पना यावी. राजधानीतील ही माणसे ‘कोन्व्हेंतिय्यो’ नावाच्या चाळवजा घरांत दाटीवाटीने राहत. एका खोलीत एक कुटुंब, मध्ये सर्वांना मिळून एक चौक, एक नळ. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. १९०७ साली भाडेवाढीविरुद्ध या चाळकऱ्यांनी शहरभर संप केला होता आणि त्यात स्त्रिया व मुले आघाडीवर होती.

या स्थलांतरितांच्या मागोमाग सालेशियन धर्मगुरू आले. ११ नोव्हेंबर १८७५ रोजी संत जॉन बॉस्को यांनी तुरीन येथील साहाय्यकारी मरियामातेच्या महामंदिरातून आपल्या पहिल्या दहा मिशनऱ्यांना निरोप दिला. फादर जोव्हान्नी काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी १४ डिसेंबरला ब्युनॉस आयर्सला पोहोचली. डॉन बॉस्को यांच्या डोळ्यांसमोर खरे तर दक्षिणेकडील पातागोनियाचे आदिवासी होते. पण बंदरात उतरल्यावर मिशनऱ्यांना आधी भेटली ती आपलीच, इटालियन बोलणारी, देवळापासून तुटत चाललेली गरीब माणसे. तेव्हा मिशनकार्याची सुरुवात शहरातूनच झाली. अल्माग्रो हा त्या वेळचा शहराच्या कडेचा भाग. तेथे संत चार्ल्स यांचे चर्च आणि त्याला लागून नववे पायस यांच्या नावाची कार्यशाळा असलेली मोठी शाळा उभी राहिली. मापुचे जमातीच्या प्रमुखाचा मुलगा सेफेरिनो नामुंकुरा १८९७ पासून याच शाळेत शिकला. पुढे १९०५ साली अवघ्या अठराव्या वर्षी तो रोममध्ये वारला आणि २००७ साली त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. तरुण मास्सा सालेशियन संस्थेत घडत होते तो हा काळ आणि हे वातावरण.

शाळेपासून काही अंतरावर, मेक्सिको रस्त्यावर, पादुआच्या संत अँथनी यांच्या नावाची एक ऑरेटरी होती. हा शब्द आपल्या वाचकांना काहीसा अपरिचित वाटेल. सालेशियन परंपरेत ऑरेटरी म्हणजे मुलांची हक्काची जागा : एक छोटे प्रार्थनामंदिर, धर्मशिक्षणाच्या एक-दोन खोल्या आणि त्यांच्यापेक्षा महत्त्वाचे असे एक मोकळे अंगण. १८४१ साली तुरीनमध्ये डॉन बॉस्को यांनी एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या पोराला जवळ केले आणि तेथून या कार्याचा उगम झाला. मुलाने चूक केल्यावर शिक्षा करायची नाही, तर चुकीची वेळच येणार नाही असे त्याच्या सोबत राहायचे, ही त्यांची पद्धत. म्हणून सालेशियन धर्मगुरूचे स्थान जितके वेदीजवळ तितकेच अंगणात. याच संस्थेचे धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईत आले. माटुंग्याचे १९५७ साली पवित्र केलेले साहाय्यकारी मरियामातेचे मंदिर आणि त्याच्या शेजारचे डॉन बॉस्को शाळेचे मैदान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मंदिराच्या शेजारी मैदान असणे हा तेथे केवळ योगायोग नाही.

आता १९०८ सालाकडे वळू. अल्माग्रोमधील काही पोरांनी एक संघ जमवला होता. नाव होते ‘लोस फोर्सोसोस दे अल्माग्रो’, नावातच दांडगाई. फेदेरिको मोंती आणि अंतोनियो स्कारामुस्सो हे त्यांचे म्होरके. फुटबॉल हा खेळ अर्जेंटिनात इंग्रजांनी आणला होता. त्यांच्या शाळा, त्यांची हिरवळ, त्यांचे बूट. स्थलांतरितांच्या पोरांकडे यांपैकी काही नव्हते. त्यांचे मैदान म्हणजे रस्ता. आणि त्या रस्त्यांवरून एव्हाना विजेच्या ट्राम धावू लागल्या होत्या. एके दिवशी चेंडूच्या मागे धावणारा एक मुलगा ट्रामच्या तडाख्यातून थोडक्यात वाचला. फादर मास्सांनी ते पाहिले. ते तेव्हा पंचविशीचे होते.

अशा वेळी वडीलधारी माणसे साधारणतः दोनपैकी एक गोष्ट करतात. चेंडू जप्त करतात किंवा आईबापांकडे तक्रार नेतात. फादर मास्सा मुलांकडे गेले आणि त्यांना ऑरेटरीच्या अंगणात खेळायला बोलावले. अट एकच : रविवारी मिस्साला यायचे.

या अटीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण या चरित्रातील खरा पेच येथे आहे. मैदानाच्या बदल्यात मिस्सा, हा सौदा झाला नाही का? श्रद्धा अशी देवघेवीने मिळते का? सेमिनरीत आम्हांला शिकवणाऱ्या एखाद्या काटेकोर प्राध्यापकांनी या व्यवहारावर लाल रेघ नक्कीच मारली असती. मुले चेंडूसाठी आली, प्रभूसाठी नाही. हे फादर मास्सांना कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. पण प्रभू येशूच्या मागे गालीलातील लोकही आधी भाकरीसाठीच गेले होते. दुसरे असे की, ही अट घालणारा धर्मगुरू मुलांना देवळात पाठवून स्वतः मोकळा झाला नाही. त्याने त्यांच्याशी बांधिलकी पत्करली. आमच्याकडे अनेकदा उलटे घडते. आम्ही मिस्सा अनिवार्य करतो आणि अंगणाला कुलूप लावतो. तरुणपणी मी साहाय्यक धर्मगुरू असताना एका धर्मग्रामात चर्चच्या आवारात चेंडू खेळण्यावर बंदी घालण्याचा ठराव झाला. कारण काय, तर ग्रोटोसमोरची एक कुंडी फुटली होती. त्या ठरावाच्या बाजूने माझाही हात वर होता, हे येथे कबूल करतो. मुले गेली. कुंडी नवी आणली.

मेक्सिको रस्त्यावरील अंगणात कुंड्या होत्या की नाही कोण जाणे; मुले मात्र राहिली. १ एप्रिल १९०८ रोजी ऑरेटरीतच बैठक भरली आणि रीतसर क्लब स्थापन करण्याचे ठरले. जुने दांडगे नाव टाकून द्यावे यावर एकमत झाले. नवे नाव काय ठेवावे? मुलांचे म्हणणे, आपल्या फादरांचेच नाव देऊ या. फादर मास्सांनी ते साफ नाकारले. शेवटी तोड निघाली ती अशी की, नाव लोरेन्सो हेच असावे, पण ते त्यांचे नसावे. एक म्हणजे ते संत लॉरेन्स यांचे असेल. इसवी सन २५८ मध्ये रोममध्ये हौतात्म्य पत्करलेले हे उपगुरू; ख्रिस्तसभेची संपत्ती दाखव असे अधिकाऱ्याने फर्मावताच त्यांनी शहरातील गोरगरीब त्याच्यापुढे आणून उभे केले, अशी त्यांची ख्याती. दुसरे म्हणजे ते सान लोरेन्सोच्या लढाईचे स्मरण ठरेल. ३ फेब्रुवारी १८१३ रोजी जनरल सान मार्तिन यांच्या घोडदळाने पाराना नदीकाठी, फ्रान्सिस्कन मठाच्या समोर, स्पॅनिश सैन्याला हरवले होते. स्थलांतरितांच्या पोरांना त्यायोगे एक संतही मिळाला आणि नव्या देशाचा इतिहासही मिळाला. वस्तीचे नाव राहावे म्हणून पुढे ‘दे अल्माग्रो’ जोडण्यात आले.

नाव नाकारूनही नाव राहिले, असा हा प्रकार. पण तो नकार लटका नव्हता असे पुढील वर्षांवरून दिसते.

सदऱ्यांचे रंग निळा आणि तांबडा ठरले. साहाय्यकारी मरियामातेच्या चित्रातील झग्याचे आणि शालीचे हे रंग. गडद उभ्या पट्ट्यांचा तो सदरा आजही तसाच आहे. तो घालणाऱ्या किती जणांना त्यातली मरियामाता ठाऊक असेल, सांगता येत नाही. टोपणनाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. मैदानाच्या कडेला काळ्या झग्यात उभे राहणारे धर्मगुरू पाहून प्रतिस्पर्ध्यांनी या संघाला ‘कावळे’ म्हणून हिणवायला सुरुवात केली. चाहत्यांनी ते हिणवणे उचलून डोक्यावर घेतले. आज ब्युनॉस आयर्समध्ये एखादा माणूस स्वतःला अभिमानाने कावळा म्हणवून घेत असेल तर तो एका सालेशियन धर्मगुरूच्या झग्याची आठवण सांगत असतो.

फुटबॉल आणि धर्मगुरू यांचे हे नाते तेवढ्यापुरतेच होते असे नाही. आपल्या गोव्यात हा खेळ पहिल्यांदा रुजवला तोही १८८३ साली आलेल्या फादर विल्यम लायन्स यांनी, शिवोली येथे शाळा काढून. पण लायन्स यांच्या शाळेत शिस्तीचा भाग म्हणून खेळ होता. अल्माग्रोमध्ये खेळ आधीच होता, रस्त्यावर, बेशिस्त. फादर मास्सांनी त्याला छप्पर नव्हे, कुंपण दिले.

क्लब वाढला तसे ते अंगण अपुरे पडू लागले. १९१४ च्या हंगामानंतरच्या निर्णायक सामन्यात विजय मिळवून सान लोरेन्सोने पहिल्या श्रेणीत प्रवेश केला आणि १९१५ पासून देशातील अव्वल संघांशी त्याची गाठ पडू लागली. आता प्रेक्षकांना बसवता येईल असे मैदान हवे होते. लगतच्या बोएदो भागात, ला प्लाता हमरस्त्यावर जागा मिळाली आणि ती मिळवून देण्यातही फादर मास्सांचा हात होता. ७ मे १९१६ रोजी तेथे पहिला सामना झाला. पुढे त्या जागेवर लाकूड आणि लोखंड यांचे जे प्रचंड प्रेक्षागृह उभे राहिले त्याचा आकार गॅसच्या टाकीसारखा दिसे, म्हणून लोक त्याला ‘गासोमेत्रो’ म्हणू लागले. राष्ट्रीय संघाचे अनेक सामनेही तेथे झाले. १९२३, १९२४ आणि १९२७ साली सान लोरेन्सो अजिंक्य ठरला. व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यानंतर १९३३ साली पुन्हा.

या सगळ्यात मला सर्वांत लक्षणीय वाटते ती एक न घडलेली गोष्ट. फादर मास्सांनी या क्लबवर ख्रिस्तसभेची मालकी सांगितली नाही. सान लोरेन्सो हा सभासदांचा क्लब राहिला. त्याचे पदाधिकारी सभासद निवडत आले. त्यात मिस्साला जाणारे होते, न जाणारे होते. यहुदी होते, समाजवादी होते, नास्तिकही होते. रविवारच्या मिस्साची अट अंगणापुरती होती आणि अंगण सुटल्यावर ती सुटली. आपण लावलेले रोप आपल्या कुंपणाबाहेर वाढत गेलेले पाहणे सोपे नसते. आमच्या धर्मग्रामांत एखादी पतपेढी, एखादे नाट्यमंडळ, एखादी क्रीडासंस्था नावारूपाला आली की तिच्या वार्षिक सभेत धर्मगुरूंची खुर्ची कोठे असावी यावर वाद होतात. फादर मास्सांनी ती खुर्चीच मागितली नाही. यात हानीही होती, हे नाकारू नये. हजारो प्रेक्षकांच्या त्या गर्जनेत मरियामातेचे रंग केवळ रंग झाले. एखादा कठोर टीकाकार म्हणेल की धर्मगुरूने मुले मिळवली आणि अखेरीस ती फुटबॉलने नेली. त्याला उत्तर देण्याची घाई मला नाही.

फादर मास्सांचे आयुष्य फुटबॉलपुरते मर्यादित नव्हते. त्यांच्या मनाचा दुसरा ओढा होता मिशनकार्याकडे आणि त्याच्या इतिहासलेखनाकडे. डॉन बॉस्को यांनी ज्या पातागोनियासाठी मिशनरी पाठवले होते तेथे पुढे काय घडले, कोणी किती मैल घोड्यावरून प्रवास केला, कोणत्या वस्तीत पहिला बाप्तिस्मा झाला, कोणती शाळा कोणत्या साली जळाली, या नोंदी विखुरल्या होत्या आणि त्या जमवणारी पिढी सरत चालली होती. त्यांनी हे काम अंगावर घेतले. मागेयान प्रदेशातील सालेशियन कार्याच्या साठ वर्षांवरचा त्यांचा ग्रंथ १९४५ साली चिलीच्या दक्षिण टोकावरील पुंता अरेनास येथे छापला गेला. ला पाम्पा येथील मिशनांचा त्यांचा इतिहास तर त्यांच्या निधनानंतर, १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाला.

हा इतिहास निव्वळ गौरवाचा नाही, हेही सांगायला हवे. १८७८ नंतरच्या काही वर्षांत अर्जेंटिनाच्या सैन्याने दक्षिणेतील आदिवासींच्या जमिनी तलवारीच्या बळावर घेतल्या आणि मिशनरी त्या सैन्याच्या मागोमाग, कधी सोबतही गेले. पुंता अरेनासहून फादर ज्युझेप्पे फान्यानो यांनी डॉसन बेटावर १८८९ साली मिशन उघडले ते मेंढपाळ कंपन्यांच्या बंदुकांपासून सेल्कनाम लोकांना वाचवण्यासाठी. पण एकत्र ठेवलेल्या त्या माणसांत रोग पसरले आणि बहुसंख्य मरण पावली. १९११ साली मिशन बंद करावे लागले. चांगल्या हेतूने घातलेले कुंपणही जीवघेणे ठरू शकते, याचे हे विदारक उदाहरण. अल्माग्रोचे अंगण आणि डॉसन बेट, दोन्ही एकाच संस्थेची कार्ये. दोन्ही एकाच दमात आठवावी लागतात.

याच प्रदेशात सालेशियन संस्थेचा आणखी एक सुपुत्र कॅमेरा घेऊन फिरत होता. फादर आल्बेर्तो दे आगोस्तिनी हे मास्सांपेक्षा एका वर्षाने लहान. गिर्यारोहक, छायाचित्रकार आणि चित्रपटकारही. मागेयानची भूमी आणि तेथील शेवटची उरलेली मूळ माणसे त्यांनी चित्रफितीवर टिपली आणि १९३३ साली त्यांचा माहितीपट पूर्ण झाला. सिनेमा पाहणे म्हणजे पापाच्या वाटेला जाणे, अशी समजूत आपल्याकडील अनेक घरांत असताना एक धर्मगुरू हिमनद्यांवर कॅमेरा नेत होता. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलांती कुरा’ हे परिपत्रक केवळ चित्रपटांसाठी लिहिले. त्यात सावधगिरीचा इशारा आहे तसा या कलेच्या सामर्थ्याचा स्वीकारही आहे. एकाच संस्थेतील दोघांनी एकाच भूमीची आठवण जपली. एकाने लेखणीने, दुसऱ्याने चित्रफितीने.

१९४६ साली सान लोरेन्सोने पुन्हा अजिंक्यपद मिळवले. फार्रो, पोंतोनी आणि मार्तिनो या तीन आघाडीवीरांचा तो संघ जुने लोक अजूनही आठवतात. त्यानंतर संघाने स्पेन आणि पोर्तुगालचा दौरा करून युरोपला थक्क केले. गासोमेत्रोच्या बाकांवर वडिलांचे बोट धरून येणाऱ्या मुलांत फ्लोरेस भागातला नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्या हंगामाची आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. रस्त्यावरच्या पोरांचा संघ कोठवर पोहोचला हे पाहण्याइतके आयुष्य फादर मास्सांना लाभले. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी ते पडद्यावर आले. १९५४ साली दिग्दर्शक आउगुस्तो सेसार व्हात्तेओने यांनी ‘एल कूरा लोरेन्सो’, म्हणजे ‘फादर लोरेन्सो’, हा चित्रपट काढला. फादर मास्सांची भूमिका आंखेल मागान्या या त्या काळच्या गाजलेल्या नटाने केली. चित्रपटाचे साल ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष पेरोन आणि ख्रिस्तसभा यांच्यात उघड संघर्ष पेटला. धर्मगुरूंना अटक झाली, शाळांतील धर्मशिक्षण बंद झाले. १६ जून १९५५ रोजी पेरोनविरोधी वैमानिकांनी राजधानीच्या मुख्य चौकावर बाँब टाकून शेकडो निरपराध माणसे मारली आणि त्याच रात्री संतप्त जमावाने शहरातील जुनी चर्चेस जाळली. संत फ्रान्सिस, संत डॉमिनिक यांची मंदिरे त्यात होरपळली. ज्या शहरात काही महिन्यांपूर्वी एका प्रेमळ धर्मगुरूचा चित्रपट लागला होता त्याच शहरात हे घडले. लोकांच्या मनातील धर्मगुरू आणि राजकारणातील धर्मसत्ता ही दोन वेगळी चित्रे असतात. पहिल्यावर लोक प्रेम करतात, दुसऱ्यावर त्यांचा रोष उसळतो. आणि पुष्कळदा ती माणसे एकच असतात.

क्लबचे पुढचे दिवस कठीण गेले. लष्करी राजवटीच्या काळात, कर्जात बुडालेल्या क्लबला गासोमेत्रो गमवावे लागले. २ डिसेंबर १९७९ रोजी तेथे शेवटचा सामना झाला. जागा विकली गेली, प्रेक्षागृह पाडले गेले आणि पुढे तेथे परदेशी कंपनीचे महाबाजार उभे राहिले. १९८१ साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. घर नाही, पैसा नाही, मान नाही, अशा त्या वर्षी दुसऱ्यांच्या मैदानांवर होणाऱ्या त्याच्या सामन्यांना पहिल्या श्रेणीलाही लाजवील अशी गर्दी लोटली, आणि १९८२ साली तो वर परतला. १९९३ साली शहराच्या दक्षिणेला नवे मैदान झाले. पण बोएदोची जुनी जागा लोक विसरले नाहीत. सह्या, मोर्चे, वर्गण्या अशी वर्षानुवर्षे चळवळ चालली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने जागा परत देण्याचा कायदा केला आणि २०१९ साली ती पुन्हा क्लबच्या ताब्यात आली. सामान्य सभासदांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरले होते. त्या जागेवर होणाऱ्या प्रेक्षागृहाला पोप फ्रान्सिस यांचे नाव देण्याचे क्लबने ठरवले.

फ्लोरेसचा तो नऊ वर्षांचा मुलगा, होर्खे मारियो बर्गोग्लियो, २००८ साली ब्युनॉस आयर्सचा कार्डिनल म्हणून क्लबच्या शताब्दीची मिस्सा अर्पण करायला आला होता. २०१३ साली तो पोप झाला आणि २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, प्रभूच्या घरी गेला. त्याच्या आयुष्यात सालेशियनांचा वाटा मोठा होता. १९४९ साली, म्हणजे फादर मास्सांचे निधन झाले त्याच वर्षी, तो सालेशियनांच्या वसतिगृहात शिकत होता.

पण त्याच्या घराण्याचा धागा याहून मागे जातो. १९२९ साली इटलीतून आलेले मारिओ बर्गोग्लियो हे तरुण हिशेबनीस अल्माग्रोच्या सालेशियनांकडे येत-जात असत. १९३४ साली एका मिस्साच्या वेळी त्यांची रेजिना सिव्होरी या मुलीशी ओळख झाली. ती मिस्सा होती मेक्सिको रस्त्यावरच्या संत अँथनींच्या ऑरेटरीत. जिच्या अंगणात सव्वीस वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने रस्त्यावरची पोरे आत घेतली होती आणि रविवारी यायला सांगितले होते. १२ डिसेंबर १९३५ रोजी मारिओ आणि रेजिना यांचे लग्न झाले. वर्षभराने पहिला मुलगा झाला. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९३६ रोजी, त्याला अल्माग्रोच्या संत चार्ल्स यांच्या मंदिरात नेण्यात आले आणि एन्रिको पोझोली या सालेशियन धर्मगुरूंनी त्याचा बाप्तिस्मा केला.